घागरीवरचे गाव : सोलापूर ते कोमुरवेल्ली

पहिला दिवस

पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने मी सोलापूरला निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेली एक पितळेची घागर होती. ती माझ्या अव्वाची, म्हणजे वडिलांच्या आईची. तिच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या दोन ओळी आहेत आणि त्या तेलुगू लिपीत आहेत. आमच्या घरात चार पिढ्या तेलुगू बोलली जाते, परंतु ती वाचता येणारे आमच्यात कोणी नाही. आम्हा सर्वांची शाळा मराठी, हिशेब मराठी आणि पत्रव्यवहारही मराठीच. पिंपरीतल्या एका तेलुगू शेजारणीने बराच वेळ डोळे ताणून त्यातला शेवटचा ‘पल्ली’ एवढा शब्द लावला होता. पल्ली म्हणजे खेडे. कोणते खेडे, हे अक्षरे झिजल्यामुळे तिला सांगता येईना, आणि तेवढ्यासाठीच मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हा प्रवास करायचे ठरवले.

आम्ही पद्मशाली, विणकर समाजाचे. आमचे तात, म्हणजे आजोबा, तेलंगणातून सोलापूरला आले, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. ‘तिकडून आलो’ असे तात म्हणत आणि हात पूर्वेकडे करीत. ते कधी आले, हेसुद्धा मला त्यांच्या एका गोष्टीवरूनच काढावे लागले. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा गांधी टोपी घालून रस्त्यावर निघालेल्यांना शिपाई पकडत, आणि तातांनी आपली टोपी सुताच्या पेट्यांमागे लपवली होती, ही ती गोष्ट. मार्शल लॉ १२ मे ते ३० जून १९३० असा होता. म्हणजे तात त्या उन्हाळ्यापूर्वी सोलापुरात पोचलेले होते. ज्या गाडीत बसून मी हे आठवत होते तिचे नावही त्याच दिवसांचे आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, त्या चार हुतात्म्यांची ही गाडी.

दौंड मागे पडले तोवर बाहेर अंधार झाला होता. कुर्डुवाडी, माढा, मोहोळ ही स्थानके मी नावांच्या पाट्यांवरून नव्हे, तर लहानपणी पाठ केलेल्या क्रमावरून ओळखत होते. १९८१ साली वडिलांना पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सोलापूर सोडले, तेव्हा हीच स्थानके उलट्या क्रमाने गेली होती. मी बारा वर्षांची होते. स्थानकावर बावा घ्यायला आला होता. बावा म्हणजे माझा आतेभाऊ. आमच्या अत्तम्माचा, आत्याचा, थोरला मुलगा.

दुसरा दिवस

सकाळी मी एकटीच पूर्वभागात फिरायला निघाले. सोलापूरकर शहराच्या या बाजूला नुसते ‘पूर्वभाग’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला लगेच कळते, की तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती म्हणायची आहे. कन्ना चौक, साखर पेठ, जोडभावी पेठ, अशोक चौक असे करीत मी चालत राहिले. दुकानांच्या पाट्या मराठीत, दुकानदाराचे गिऱ्हाइकाशी बोलणे मराठीत आणि शेजाऱ्याशी बोलणे तेलुगूत. पलीकडून कोणी कन्नड बोलणारे आले तर तिसरी भाषाही तितक्याच सहजपणे निघते. लहानपणी मला वाटे की सगळ्याच शहरांतली माणसे अशीच तीन भाषांतून बोलत असतील.

आमची गल्ली मी आवाजावरून शोधायला निघाले होते आणि तेथेच फसले. माझ्या आठवणीतल्या गल्लीला एक अखंड खटखट होती. धोटा, म्हणजे आडवे सूत नेणारा लाकडी तुकडा, एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीवर आदळतो त्याचा तो आवाज पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले, आणि वीज गेली की अचानक शांतता पसरून आम्ही मुले दचकून जागी होत असू. आज त्या गल्लीत एका घरातूनच माग ऐकू आला आणि तोही नव्या पद्धतीचा, धोटा नसलेला; त्याचा आवाज निराळा, सलग आणि कोरडा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले असले तरी आता मागांवर चादरीपेक्षा टॉवेलच अधिक निघतो, असे त्या घरातल्या विणकराने सांगितले.

आमचे घर मात्र उभे होते. खालच्या खोलीत आता किराणा मालाचे दुकान आहे. दुकानदाराला कारण सांगितल्यावर त्याने पोती बाजूला केली आणि मला भिंतीलगतची जमीन दाखवली. तेथे फरशीचा एक आयत इतर फरशीपेक्षा निराळ्या रंगाचा आहे. तो तातांच्या खड्डामागाचा खड्डा, नंतर बुजवलेला. तात सोलापुरात आले ते जुन्या मिलमध्ये बदली कामगार म्हणून. सोलापूरची ही पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि निजामाच्या मुलखातले विणकर रेल्वेने व पायी या शहराकडे येत राहिले. जुनी मिल माझ्या जन्माआधीच बंद पडली होती. त्यानंतर तातांनी पुन्हा घरात खड्डा खणला आणि गावाकडे शिकलेला माग लावला. गिरणीत माणूस उभ्याने काम करतो आणि मागावर बसून करतो, ‘पाय जमिनीच्या आत गेले की जीव शांत होतो’, असे ते म्हणत. त्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून मी पाढे पाठ केले आहेत. खालून पावड्या दाबणारी त्यांची पावले, गुडघ्याशी ओल्या सुताचा वास, आणि खळीत बुडवून वाळत घातलेल्या ताण्याला लागलेला कांजीचा चिकटपणा, एवढे सगळे त्या निराळ्या रंगाच्या फरशीकडे पाहताना माझ्यापाशी परत आले आणि मी थोडा वेळ तेथेच बसून राहिले. दुकानदाराने न विचारता पाणी आणून दिले.

मागाशेजारच्या ओट्यावर अव्वा विड्या वळत असे. पूर्वभागातल्या बहुतेक घरांत तेव्हा पुरुष मागावर आणि बायका सुपापुढे, अशीच वाटणी होती. सकाळी विडी कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याचा तुकडा पानावर धरून कात्रीने कापायची, मग चिमूटभर तंबाखू पसरून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी पान वळायचे, दोरा बांधायचा आणि तोंड मिटायचे. तोंड मिटण्याचे काम माझ्याकडे असे. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब असे. त्यातून ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत, आणि छाट जास्त निघालेल्या दिवशी अव्वा घरी येऊन कोणाशी बोलत नसे. तिच्या उजव्या अंगठ्याचे नख कडेने झिजून तिरपे झाले होते. गल्लीच्या टोकाला एका ओट्यावर आजही दोन बायका सूप मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. त्यांच्याजवळ थांबून मी त्यांच्या हातांकडे पाहिले. अंगठ्याची हालचाल तीच आहे, तिच्यात कणाचाही फरक पडलेला नाही.

दुपारी बंद गिरण्यांच्या बाजूने एक फेरी मारली. नव्वदीच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली, तेव्हा हजारो घरांतला पगार एकदम थांबला. आमच्या काळी प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा ओळखू येई आणि घरात घड्याळ नसले तरी पाळी चुकत नसे. शाळेला उशीर झाला की बाई विचारत, ‘दुसरा भोंगा ऐकला नाहीस का?’ त्या भोंग्यावर वाढलेल्या मुलीला या भागात दुपारी बारा वाजता काहीच ऐकू आले नाही, हे मला फार जड गेले.

नवरात्र सुरू असल्यामुळे संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बतुकम्मा मांडलेली होती. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे आणि झेंडू ताटात थरावर थर रचून त्यांचे शिखर करतात, मधे ठेवतात आणि बायका टाळ्या वाजवत भोवती फिरून गाणी म्हणतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘उय्यालो’ हे पालुपद येते. तेलंगणाचा हा सण सोलापुरात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला असावा, कारण अव्वाच्या आठवणीतही तो येथे नवा नव्हता. मी फेरात उभी राहिले. गाण्याचे शब्द आठवत नव्हते, पण टाळी कोठे वाजवायची हे हातांना ठाऊक होते.

तिसरा दिवस

अत्तम्मा ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला डोळ्यांनी कमी दिसते, म्हणून मी घागर तिच्या मांडीवर ठेवली. तिने गळ्यावरून बोटे फिरवली, तळाचा पोचा चाचपला आणि म्हणाली, ‘हा पोचा तुझ्या बापाने पाडला. विहिरीवर.’ नंतर तिने असे एक वाक्य उच्चारले की ज्याने माझ्या शोधाची दिशाच बदलली. ‘पण ही घागर तातांच्या गावची नाही. ही अव्वाला लग्नात तिच्या भावाने दिली.’

म्हणजे घागरीवरचे गाव हे आमच्या आडनावाचे गाव नव्हे. ते अव्वाचे माहेर होते. क्षणभर मला निराशा वाटली, हे कबूल करते. मग बावाने कपाटातून एक जाड फाइल आणली. मुलांच्या जात पडताळणीसाठी त्याने ती वर्षभर खपून तयार केली होती. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्याच्या जन्मनोंदीचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र असे सगळे त्यात होते. पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो सोलापुरातच मिळाल्यामुळे त्याच्या मागे जाण्याची कोणाला गरज पडली नव्हती. वंशावळीच्या कागदावर तातांपासून खाली सगळे पुरुष एका सरळ रेघेत उतरले होते. अव्वाचे नाव त्यात कोठेही नव्हते, अत्तम्माचेही नव्हते. घागरीवर मात्र तिचेच नाव असण्याची शक्यता होती. निराशा गेली आणि ती अक्षरे वाचायची घाई झाली.

बावा मला साखर पेठेतल्या एका वृद्ध नक्शीकाराकडे घेऊन गेला. चादरीवरचा मोर, वेल किंवा चौफुली आधी चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी भरायची आणि त्याप्रमाणे जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोके पाडायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांची शाळा तेलुगू माध्यमाची. त्यांनी घागर चिंचेने घासून घेतली, गळ्यावर पातळ कागद ताणून धरला आणि त्यावरून पेन्सिलीचे शिसे आडवे घासत नेले. काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके उमटू लागले. झिजलेल्या जागी ठिपका होता की नुसता ओरखडा, हे ते नखाने चाचपून ठरवत होते. तुटक ठिपक्यांतून अखंड आकृती पाहण्याची सवय असलेला असा माणूस दुसरा कोणता मिळाला असता? अर्ध्या तासाने त्यांनी वाचून दाखवले. पहिल्या ओळीत अव्वाचे नाव होते. दुसऱ्या ओळीत देणाऱ्या भावाचे घराण्याचे नाव, त्याचे स्वतःचे नाव आणि गाव. तेलुगूत घराण्याच्या नावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात आणि ते माणसाच्या नावाच्या आधी येते. मराठी शाळेने आम्हा सर्वांची आडनावे उचलून शेवटी नेऊन ठेवली, हे त्या क्रमावरून मला प्रथमच जाणवले.

गाव कळले, पण त्या नावाची गावे तेलंगणात तीन-चार तरी आहेत, असे नक्शीकार म्हणाले. आता आठवणींशिवाय आधार नव्हता. अत्तम्माला विचारले, अव्वा माहेराविषयी काय सांगत असे? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘तळ्याच्या बांधावर उभे राहिले की मल्लन्नाची गुट्ट दिसते, असे म्हणायची.’ गुट्ट म्हणजे टेकडी. मला एकदम आठवले की दर मार्गशीर्षात अव्वा आम्हाला सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला नेई आणि देवापुढे उभी राहून ‘कोमरेल्ली मल्लन्ना’ असे म्हणे. आम्हा मुलांना ते खंडोबाचेच एखादे नाव वाटे. कोमुरवेल्ली हे तेलंगणात सिद्दीपेट जिल्ह्यातले मल्लन्नाचे ठाणे आहे, आणि घागरीवरच्या नावाच्या गावांपैकी एक त्याच्याच परिसरात निघाले.

संध्याकाळी मार्कंडेय मंदिरात जाऊन आलो. पद्मशाली समाज स्वतःला मार्कंडेय ऋषींचे वंशज मानतो. विष्णूच्या नाभीतून उगवलेल्या कमळाच्या देठाचे तंतू काढून भावनाऋषींनी देवांसाठी पहिले वस्त्र विणले, अशी आमची कथा आहे. नारळी पौर्णिमेला येथून रथ निघतो. तातांच्या खांद्यावरून मी तो पाहत असे.

चौथा दिवस

अत्तम्माला एवढा प्रवास झेपणार नव्हता. बावा आणि मी त्याच्या मुलाच्या मोटारीने हैदराबादच्या रस्त्याला लागलो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, संगारेड्डी असा सुमारे तीनशे किलोमीटरचा हा रस्ता आहे आणि तो आता रुंद व चांगला आहे, त्यामुळे सांगण्यासारखे फार घडले नाही. पण नळदुर्गापाशी मी गाडी थांबवायला लावली. तातांच्या काळात सोलापूर इंग्रजांचे होते आणि नळदुर्ग निजामाचे. सोलापूरच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर राज्य बदलत असे. करोडगिरीच्या नाक्यावर माल तपासला जाई, नाणेही बदले. अव्वाच्या डब्यात चारमिनारचे चित्र असलेला एक हाली रुपया होता. तो आम्हाला खेळायला मिळत नसे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापुराहून याच रस्त्याने हैदराबादकडे निघाली आणि पाच दिवसांत ती सरहद्द संपली. त्यानंतर माहेरी जायला अव्वाला कोणताही नाका उरला नव्हता, तरीही ती गेली नाही. बावाने विचारले, ‘का गेली नसेल?’ हजार विड्यांचा हिशेब आणि सहा मुले, याखेरीज मला दुसरे उत्तर सुचले नाही.

पाचवा दिवस

हैदराबादेतून सकाळी लवकर निघून सिद्दीपेटच्या रस्त्याने नव्वदेक किलोमीटर गेल्यावर कोमुरवेल्लीचा फाटा लागला. टेकडीच्या अंगावर मल्लन्नाचे मंदिर आहे. गाभाऱ्यातली मूर्ती मातीची, मोठ्या डोळ्यांची, भरघोस मिशांची. दोन्ही बाजूंना दोन बायका. एक केतम्मा, गोल्ला म्हणजे गवळी-धनगरांच्या घरची, आणि दुसरी मेडलम्मा, लिंगायत बलिजांच्या घरची. मराठी माणसाला याहून अधिक सांगायला नको. धनगराची बानू आणि लिंगायत वाण्याची म्हाळसा घेऊन उभा असलेला हा आपलाच खंडोबा आहे. हळदीची उधळणही तीच. ओग्गू नावाचा लहान डमरू वाजवत देवाची कथा सांगणारे पुजारी ओसरीत जमिनीवर हळद, कुंकू, तांदळाचे पीठ आणि पाल्याची हिरवी पूड वापरून मोठी चित्राकृती रेखत होते. तिला ‘पट्नम’ म्हणतात. चिमटीतून पूड सोडत त्यांची बोटे ज्या वेगाने रेघ ओढत होती तो पाहताना मला अव्वाच्या चिमटीतली तंबाखू आठवली. बाळ्याच्या देवळात ती हात जोडून कोणाशी बोलत होती, हे मला येथे येऊन कळले.

तेथून गाव जवळच. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही; ज्या घरी आम्ही गेलो त्या कुटुंबाची तशी इच्छा आहे. गावाबाहेर तळे आहे, त्याला तिकडे ‘चेरुवु’ म्हणतात, आणि त्याच्या मातीच्या बांधावर ताडाची रांग आहे. बांधावर चढून मी पश्चिमेपासून फिरत फिरत सगळीकडे पाहिले. उत्तरेच्या बाजूला, शेतांच्या पलीकडे, सकाळी पाहिलेली टेकडी आणि तिच्या अंगावरचे मंदिर स्वच्छ दिसत होते. बावा काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

विणकरांच्या आळीत आम्ही घागरीवरचे इंटि पेरु विचारत गेलो. त्या नावाचे एकच घर उरले होते. साठी ओलांडलेले गृहस्थ बाहेर आले आणि आमचे बोलणे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘मीदि ए ऊरु?’ तुमचे गाव कोणते? या प्रश्नाचे उत्तर शोधतच तर मी आले होते. मी म्हणाले, ‘सोलापूर.’ त्यांनी आम्हाला आत बसवले आणि त्यांची पत्नी आतून एक जुनी, विरलेली सोलापुरी चादर घेऊन आली. सोलापूरहून आलेली चादर म्हणून त्यांच्या आजीने ती जपली होती. तेलंगणात सोलापूरची चादर घरोघरी असते, तेव्हा हा काही पुरावा नव्हे, हे मी मनाला बजावले. मग मी कागदावरचा पेन्सिलीचा ठसा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचला. देणाऱ्या भावाचे नाव त्यांच्या आजोबांच्या धाकट्या भावाचे होते. त्याला मूलबाळ झाले नाही. त्यांच्या आजीच्या तोंडून त्यांनी ऐकले होते, की या घरची एक मुलगी शोलापूरला दिली आणि ती पुन्हा दिसली नाही. नाव, नाते आणि गाव जुळले, तेव्हा माझी शंका संपली; परंतु लग्नाचे साल किंवा अव्वाच्या आईचे नाव यांविषयी त्यांनाही काही ठाऊक नव्हते. तातांचे गाव कोणते, हे तेथेही कोणाला सांगता आले नाही.

त्यांच्या मागल्या खोलीत खड्डा आहे. तो बुजवलेला नाही. माग काढून टाकला, पण खड्ड्यावर फळ्या टाकून वर धान्याची कोठी ठेवली आहे. गृहस्थांनी दोन फळ्या उचलून दाखवल्या. कडा मातीने लिंपलेल्या, आणि बसणाऱ्याच्या मांड्या टेकतात त्या जागी काठ गुळगुळीत झालेला. मी त्यांना विणकामाचे शब्द विचारू लागले आणि एकेक शब्द जुळत गेला. त्यांचे मग्गम, आमचा माग. त्यांची कंडे, आमची कांडी. त्यांचे राट्नम, आमचा रहाट. यातले घरातले कोणते आणि शहरात शिकलेले कोणते, हे मला आजवर वेगळे करता येत नव्हते. तातांनी सोलापुरात खणलेला खड्डा याच मापाचा होता का, ते पाहावे म्हणून मी काठावर बसून पाय आत सोडले. तळ पावलांना लागला नाही. सोलापुरात लागत असे. अर्थात तेव्हा मी लहान होते आणि तात तळाशी विटा ठेवत असत.

आम्ही संध्याकाळी हैदराबादला परतणार होतो, पण घरच्या बाईंनी जाऊ दिले नाही. त्या दिवशी सद्दुला बतुकम्मा होती, सणाचा शेवटचा आणि मोठा दिवस. या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, तशी तेथली रीतच आहे. बाईंनी शेजारच्या घरात मोठ्याने सांगितले, ‘आडबिड्ड वच्चिन्दि.’ घरची लेक आली. मी त्या घरच्या लेकीच्या मुलाची मुलगी. पण हे स्पष्ट करून सांगण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी मला तरवडाचा भारा दिला आणि मी देठ एका मापाने तोडून थर लावू लागले. अंधार पडताना आळीतल्या सगळ्या बायका ताटे डोक्यावर घेऊन चेरुवूवर गेल्या. फेर धरला, गाणी झाली, आणि मग एकेक ताट पाण्यात सोडले. मी भ्रमणध्वनीवर गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. घागर मी सोबत नेली होती. बांधाखाली उतरून तिच्यात पाणी भरले, आणि घरी येईपर्यंत ती कमरेवर घेण्याचा प्रयत्न केला. पोचा नेमका कमरेला लागतो.

सहावा दिवस

परतीच्या वाटेवर चेरियालला थोडा वेळ थांबलो. तेथील नक्काश कापडाच्या लांब पटांवर तांबड्या पार्श्वभूमीवर चित्रे काढतात आणि कथेकरी ते पट उलगडत गावोगाव पुराण सांगतात. पद्मशालींना मार्कंडेय आणि भावनाऋषींची कथा सांगणारे कथेकरी कुनपुली या नावाने ओळखले जातात. एका चित्रकाराच्या घरी मी वाघावर बसलेले भावनाऋषी पाहिले. तात ही गोष्ट सांगताना मागावरून उठून, दोन्ही हातांनी पट उलगडल्यासारखे करून सांगत. ते हातवारे कसले, हे मला आजवर कळले नव्हते.

रात्री उशिरा सोलापूरला पोचलो. अत्तम्मा जागी होती. तिला सगळे क्रमाने सांगितले: टेकडी, तळे, ताडाची रांग, फळ्यांखालचा खड्डा. तिने फारसे प्रश्न विचारले नाहीत. मग मी तळ्याकाठचे गाणे लावले. दोन ओळी ती ऐकत राहिली, तिसऱ्या ओळीला तिचे ओठ हलू लागले, आणि चौथ्या ओळीला गाण्यातल्या बायका एक शब्द म्हणाल्या आणि अत्तम्मा दुसरा. तिने हात वर करून मला गाणे थांबवायला सांगितले. ‘आपले असे नाही,’ ती म्हणाली आणि अव्वाने शिकवले होते तसे पहिल्यापासून म्हणू लागली. मध्ये एकदा अडली, मागे गेली, पुन्हा धरून पुढे आली. बावाने फाइलमधला एक कोरा कागद काढून दिला. मी वरच्या बाजूला अव्वाचे नाव लिहिले आणि त्याखाली अत्तम्मा सांगेल तशा ओळी देवनागरीत उतरवून घेऊ लागले.